गाणे लाव म्हटले की गाणे लागते

मागल्या पाठात आपण एस. टी. च्या पाट्या वाचल्या. आज फोनवरच्या गाण्यांचा पाठ घेऊ. हा पाठ आम्ही आधी ठरवला नव्हता. वर्गातल्या आत्याबाईंनी तो आमच्याकडून लिहवून घेतला. कसा, ते ऐका.

आत्याबाई माण तालुक्यातल्या. वय अडुसष्ट. दोन वर्षांपूर्वी त्या वर्गाला येऊ लागल्या. पहिले सहा महिने पाटीवर 'क' काढताना त्यांचा हात कापत असे. आता त्या जोडाक्षरेसुद्धा वाचतात. थोड्या अडखळतात, इतकेच. दिवाळीला त्यांचा नातू पुण्याहून आला. त्याने आजीला नवा फोन आणला. फोन हातात देऊन तो म्हणाला, "आजी, ह्यात वाचायचं काय काम न्हाय. नुसतं तोंडानं सांग. गाणं लाव म्हणलं की गाणं लागतंय."

त्याने करून दाखवले. गाणे खरोखरच लागले. शेजारच्या बाया गोळा झाल्या. जो तो फोनला काही ना काही सांगू लागला. रात्री दहापर्यंत ओसरीवर गाणी चालली होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई वर्गाला आल्या त्या रुसूनच. पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, फोन बोललेलं ऐकतोय. मग आमी म्हातारपणी डोळं फोडून अक्षरं गिरवली ती कशापायी?"

वर्ग हसला. आम्ही मात्र गप्प झालो. प्रश्न खरा होता, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. आम्ही म्हणालो, "आत्याबाई, उद्या फोन घेऊन या. सगळे मिळून बघू."

दुसऱ्या दिवशी फोन मधे ठेवून सारे गोल बसले. आधी फोनला हाक कशी मारायची ते पाहिले. पडद्यावर एक लहान चित्र असते. उभा लांबट दाणा, त्याच्याखाली वाटीसारखी रेघ. हे माइकचे चित्र. यूट्यूबमध्ये ते वरच्या बाजूला, शोधायच्या भिंगाजवळ सापडते. त्यावर बोट टेकवायचे आणि बोलायचे. काही फोनांना बोटही लावावे लागत नाही. 'हे गूगल' म्हटले की फोन जागा होतो. गूगलचा हा बोलका चाकर 2018 सालापासून मराठी ऐकतो. हल्ली पुष्कळ फोनांत त्याचे नाव जेमिनी असते. नाव कोणतेही असो, फोनची भाषा मराठी करून घ्या, म्हणजे काम सोपे होते. घरात ठेवायचा अलेक्सा नावाचा एक बोलका डबाही मिळतो. तो भारतात 2017 साली आला, आणि 2019 साली हिंदी शिकला. त्याच्याशी हिंदीत बोलले तरी तो मराठी गाणी लावतो.

पहिला मान तात्यांनी घेतला. तात्या माळकरी. त्यांनी घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणाले, "विठ्ठल लाव!"

फोनने लगेच घंटी वाजवली. पलीकडून आवाज आला, "हां, बोला की." विठ्ठल नावाच्या गवंड्याचा नंबर फोनात होता. फोनने त्यालाच फोन लावला. तात्या गडबडले. म्हणाले, "काय न्हाय बाबा, देव बोलावला तर तू आलास." त्या दिवशी वर्गात पुष्कळ वेळ हसणेच चालले होते.

पण यात फोनची चूक किती? आपल्या भाषेत 'लाव' या एका शब्दाला किती कामे आहेत पाहा. दिवा लाव. दार लाव. झाड लाव. लळा लाव. फोन लाव. गाणे लाव. माणूस प्रसंग पाहून ओळखतो. सांज झाली आणि सासूबाई 'लाव गं' म्हणाल्या, की सून दिवाच लावते. फोनला सांज दिसत नाही. त्याला शब्दांवरूनच ओळखावे लागते. म्हणून 'गाणं' किंवा 'अभंग' हा शब्द सोडू नये. तात्यांनी दुसऱ्यांदा सांगितले, "भीमसेन जोशी यांचा अभंग लाव." आणि अभंग लागला. तात्यांनी डोळे मिटले. तो संपेपर्यंत कुणी बोलले नाही.

गाणाऱ्याचे नाव का सांगायचे, तेही सांगतो. तुकोबांचा एकच अभंग शंभर गळ्यांनी गायिलेला असतो. नुसता अभंग मागितला तर फोन त्यातला कोणताही एक काढतो. बहुधा जो जास्त लोक ऐकतात तो. तुमच्या मनातला वेगळा असला, तर तुम्हालाच सांगावे लागेल. नाव सांगतानाही एक युक्ती आहे. आपण बोलताना 'साबळ्यांचं भारूड' म्हणतो. नाव 'साबळे', पण बोलताना त्याचे 'साबळ्यां' होते. फोन अशाने कधी कधी चकतो. त्यापेक्षा 'शाहीर साबळे यांचं भारूड' म्हणावे. नाव अखंड राहते. 'सुलोचना चव्हाण यांची लावणी', 'प्रल्हाद शिंदे यांचं गाणं' असे सांगावे. गाण्याचे पहिले चार शब्द ठाऊक असतील तर फारच छान. गाणे चालू असताना 'थांब', 'पुढचं गाणं', 'आवाज कमी कर' असेही सांगता येते. गाणे मोठ्याने वाजत असेल तर फोनला आपला आवाज ऐकू जात नाही. अशा वेळी बोटाने थांबवावे आणि मग बोलावे.

आता आत्याबाईंची पाळी आली. त्यांना एकनाथांचे भारूड हवे होते. त्या फोनजवळ वाकून म्हणाल्या, "शाहीर साबळे यांचं भारूड लाव." शेजारी एका बाईचे मूल रडत होते. फोनने काही तरी भलतेच गाणे लावले. ढोलताशा, झेंडे, पोवाडा.

"ह्ये न्हवं," कोणीतरी म्हणाले. "फोन बिघडला."

आत्याबाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा वर केला, बोट ठेवले आणि एकेक अक्षर लावून वाचू लागल्या. "शा-ही-र सा-ब-ळे यां-चं भा-र-त..." त्या थांबल्या. "बाई, ह्यानं भारत लिवलंय. म्या भारूड म्हणले."

वर्गात शांतता झाली. आत्याबाईंनी मूल बाहेर न्यायला सांगितले. पुन्हा माइकच्या चित्रावर बोट टेकवले, पुन्हा बोलल्या, पण पडद्यावरची नजर हटवली नाही. 'भारूड' ही तीन अक्षरे उमटलेली पाहिली, तेव्हाच मान हलवली. मग भारूड लागले.

फोनच्या पोटात काय होते ते आता समजेल. तुम्ही बोलता. माइक आवाज पकडतो आणि त्याचे आकडे करतो. बहुतेक फोनांत ते आकडे इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या यंत्रांकडे जातात. तिथे त्या आवाजाची अक्षरे होतात. मग यंत्र त्या अक्षरांतून तीन गोष्टी वेचते : काय करायचे, कोणते गाणे, कुणाचे. मग गाण्यांच्या कोठारात शोध. एकट्या स्पॉटिफाय या कंपनीच्या कोठारात 10 कोटींहून जास्त ध्वनिमुद्रणे आहेत. सापडलेले गाणे लहान लहान तुकडे करून तुमच्या फोनकडे येते. हे सारे एकदोन सेकंदांत होते. यात मधली पायरी ध्यानात घ्या. फोन तुमचा आवाज कोठाराकडे नेत नाही. तो आधी अक्षरे लिहितो, आणि ती अक्षरे घेऊन गाणे शोधतो. अक्षर चुकले की गाणे चुकले.

यंत्राला ही विद्या एका दिवसात आलेली नाही. 1952 साली अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत 'ऑड्री' नावाचे यंत्र केले होते. माणसाच्या उंचीचे ते धूड. त्याला शून्य ते नऊ एवढे दहाच आकडे ओळखता येत, तेही ओळखीच्या आवाजात. दहा वर्षांनी, 1962 साली, आय. बी. एम. कंपनीने एक छोटे यंत्र जत्रेत मांडावे तसे सिॲटल शहराच्या जागतिक प्रदर्शनात मांडले. त्याला सोळा शब्द कळत. आपल्या वर्गातल्या नव्या माणसालाही पहिल्या महिन्यात सोळा शब्दच येतात. तेव्हा कुणी अडखळले तर हसू नये.

आत्याबाईंना यावरून जुनी गोष्ट आठवली. त्यांचे मालक मुंबईला गिरणीत होते. 1982 चा मोठा संप व्हायच्या आधीची गोष्ट. घरी तान्ही मुलगी तापाने फणफणली होती. आत्याबाईंना लिहिता येत नव्हते. गावातल्या एका लिहित्या माणसाकडून त्यांनी पत्र लिहवून घेतले. त्यांनी सांगितले होते, "पैसं नगं, तुमी या." शिमग्याला मालक घरी आले, तेव्हा खिशातून ते पत्र निघाले. शेजारच्या पोराने वाचून दाखवले. पत्रात होते, 'पैसे पाठवा.' मालकांनी मनिऑर्डर केली होती, आणि घरी आले नव्हते. मुलगी त्याच्या आधीच गेली होती.

"त्यानं मुद्दाम लिवलं का चुकून, मला कवा कळलंच न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "कागद माझ्या म्होरंच लिवला. पर मला वाचता येत नव्हतं."

आम्ही त्यावर काही बोललो नाही. तात्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. थोड्या वेळाने आत्याबाईच म्हणाल्या, "चला, फुडचं सांगा."

पुढचे होते पैशाचे. हा विषय तात्यांनीच काढला. त्यांच्या खात्यातून तीन महिने दरमहा 99 रुपये जात होते. त्यांना वाटे, बँक काही कापते. खरे असे होते. गाण्याच्या एका कंपनीची चौकट फोनवर आली होती. 'पहिला महिना फुकट' असे मोठ्या अक्षरांत, आणि 'त्यानंतर दरमहा' हे बारीक अक्षरांत. तात्यांनी मोठे तेवढे वाचले. मग फोनने पिन मागितला. त्यांना वाटले, पिन टाकला की गाणे उघडेल. त्यांनी टाकला.

याला ऑटोपे म्हणतात. म्हणजे दर महिन्याला पैसे आपोआप जाण्याची परवानगी. यू. पी. आय. मध्ये ही सोय 2020 साली आली. सोय चांगली आहे. विजेचे बिल विसरत नाही. पण एक गोष्ट पक्की ठेवा : यू. पी. आय. चा पिन मुख्यतः पैसे देण्यासाठी असतो. फुकट गाणे ऐकायला पिन लागत नाही, पैसे घ्यायलाही लागत नाही. पिन मागितला, की समजावे, कुठेतरी पैसे जाणार असतील. तिथे थांबावे आणि बारीक अक्षरे वाचावीत. फोन ती अक्षरे स्वतःहून वाचून दाखवील या भरवशावर राहू नये.

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की असे आपोआप पैसे जाण्याच्या निदान 24 तास आधी तुम्हाला निरोप आला पाहिजे. तात्यांना तिन्ही वेळा निरोप आला होता. आम्ही फोन उघडून दाखवला. निरोप इंग्रजीत होता, पण 99 हा आकडा होता आणि तारीख होती. आकडे तर तात्यांना पहिल्याच महिन्यात येऊ लागले होते. निरोप उघडून बघायचा असतो, हेच त्यांना माहीत नव्हते. मग आम्ही पैशाच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' हा शब्द शोधला, कंपनीचे नाव वाचले आणि 'रद्द करा' वर बोट ठेवले. तात्यांनी स्वतःच पिन टाकला. पिन टाकताना आम्ही सगळ्यांनी तोंडे फिरवली. हे शिष्टाचार म्हणून पाळावे.

जाता जाता इंटरनेटच्या खर्चाचा हिशेब. नुसते गाणे ऐकले तर मिनिटाला साधारण एक एम. बी. लागतो, म्हणजे तासाला साठ. चित्रासकट पाहिले तर कितीतरी पट जास्त. रोजचा पॅक दुपारीच संपतो म्हणणाऱ्यांनी गाणे ऐकताना चित्र बंद होते का ते पाहावे.

एका बाईने विचारले, "ह्यो फोन सारखा ऐकत असतोय का? घरात आमी सासूवर बोलतो, सुनंवर बोलतो." प्रश्न हसत विचारला, पण तो हसण्यावारी नेऊ नये. 'हे गूगल' म्हणताच जागा होणाऱ्या फोनचा कान त्या दोन शब्दांसाठी उघडाच असतो. ते शब्द ऐकू आल्यावर पुढचे बोलणे कंपनीकडे जाते. कधी कधी फोनला भलत्याच शब्दाने जाग येते. 2019 साली उघड झाले की गूगल, ॲमेझॉन आणि ॲपल या कंपन्यांसाठी काम करणारी माणसे अशी काही ध्वनिमुद्रणे ऐकत होती. पुष्कळ आरडाओरडा झाला. मग कंपन्यांनी नियम बदलले. ज्याला हे नको, त्याने सेटिंगमध्ये जाऊन 'हे गूगल' ची हाक बंद करावी. मग माइकच्या चित्रावर बोट ठेवल्यावरच तो चाकर ऐकेल. आमच्या मते खेड्यातल्या भरल्या घरात हेच बरे. गाणे तसेही लागतेच.

वर्ग संपत आला. आत्याबाई फोन पिशवीत ठेवता ठेवता थांबल्या. म्हणाल्या, "बाई, माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची. त्या लागतील का?"

आम्ही म्हणालो, विचारून पाहा. त्यांनी विचारले. फोनने आईवरचे एक सिनेमाचे गाणे लावले. आत्याबाईंनी ते बंद केले.

दहा कोटींच्या कोठारात जे कुणी भरले तेच मिळते. आत्याबाईंच्या आईच्या ओव्या कुणी भरल्या नव्हत्या. पुष्कळ आयांच्या मात्र भरल्या आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी आपल्या साथीदारांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावी बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. त्यांतल्या कितीतरी आता 'परी' या संस्थेने 2017 सालापासून इंटरनेटवर ठेवल्या आहेत. काही ओव्या गाणारीच्या आवाजात ऐकता येतात. आम्ही त्यांतली एक लावली. आत्याबाई ऐकत राहिल्या. चाल ओळखीची होती, शब्द दुसऱ्या गावचे होते. दुसरी ओवी सुरू झाली, तेव्हा त्या बरोबरीने गुणगुणू लागल्या, पण शब्द आईचे.

मग आम्ही त्याच फोनमधले ध्वनिमुद्रण सुरू केले आणि आत्याबाईंना म्हणायला सांगितले. आधी लाजल्या. मग पाच ओव्या म्हणाल्या. नंतर आम्ही एक गंमत केली. लिहायच्या पाटीवर माइकचे चित्र दाबले आणि त्यांना तीच ओवी सावकाश सांगायला लावली. फोन लिहू लागला. 'जातं' लिहिले, 'दळण' लिहिले. 'बंधवा' मात्र त्याला येईना. कधी 'बांधवा' लिही, कधी 'बंद हवा'. आत्याबाईंनी वही घेतली, पेन्सिल घेतली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे त्याला. म्याच लिवते."

त्या वहीत आता सतरा ओव्या झाल्या आहेत. 'बंधवा' सगळीकडे बरोबर लिहिलेला आहे. नातू पौष महिन्यात पुन्हा आला होता, तेव्हा त्याला वही वाचायला दिली. त्याला त्यातले तीन शब्द कळले नाहीत. आजीने सांगितले.

पुढल्या वर्गाला येताना प्रत्येकाने फोनला एक गाणे सांगावे, आणि फोनने पडद्यावर काय लिहिले ते वहीत जसेच्या तसे उतरवून आणावे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी शेजाऱ्याचा घ्यावा. आपण काय म्हटले होते, ते दुसऱ्या ओळीत लिहावे. पैशाचा एखादा निरोप आला असेल तर तोही दाखवायला आणावा. पिन मात्र कुणाला सांगू नये, आम्हालासुद्धा.